चाचणी प्रक्षेपण, जबलपूर

पहाटे पावणेसहा

रात्रीचा लॉग वाचल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. राइट टाउनमधल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एमसीआर आहे, मास्टर कंट्रोल रूम. रात्रपाळीचा मुलगा तिथे एकटा बसतो आणि जे जे बिघडलं ते वेळेसकट लिहून ठेवतो. आज तीन नोंदी आहेत. २.१७ला एका जुन्या माहितीपटाचा आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून आला. ३.४०ला नोएडाकडे जाणाऱ्या मुख्य फायबरवर चित्र चार सेकंद फुटलं. ४.०५ला एकच प्रोमो लागोपाठ दोनदा लागला. "बाकी सब ठीक रहा, दीदी," असं म्हणून तो जाकीट चढवतो.

आम्हाला प्रेक्षक अजून नाहीत. उपग्रहावर चाचणी प्रक्षेपण चालू आहे, मार्चचा दुसरा आठवडा आहे आणि चॅनेल अक्षय्य तृतीयेला सुरू करायचं ठरलं आहे. तरी प्रत्येक नोंद मी खऱ्या प्रक्षेपणातली समजूनच वाचते. ही सवय आत्ता लागली नाही, तर नंतर लागायला वेळ मिळत नाही.

पूर्वी आम्ही फक्त केबलवर होतो. शहरातल्या एका केबलचालकाच्या जाळ्यावर आमची ग्वारीघाटची नर्मदा आरती, दसऱ्याची मिरवणूक आणि गणेशोत्सवातली मराठी नाटकं दिसायची. अशा चॅनेलला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये त्यांच्यासाठी नियम काढले. नोंदणीला १००० रुपये, केबलचालकाच्या एकूण चॅनेलक्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेल, पडद्यावर तशी ओळखपट्टी, आणि कार्यक्रम त्या एकाच जाळ्यापुरते. हजार रुपयांत चॅनेल उभं राहतं ही मोठी सोय आहे. पण नर्मदा अमरकंटकला उगम पावून दिंडोरी, मंडला करत आमच्या घाटावर येते, आणि तिची आरती मात्र शहराच्या वेशीवर थांबते. जबलपूर, कटनी, नरसिंहपूर, मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाट, छिंदवाडा आणि २०२३मध्ये वेगळा जिल्हा झालेलं पांढुर्णा, या सगळ्या महाकोशल मुलखाला एक पडदा हवा म्हणून उपग्रह.

मोबाइलवर का टाकत नाही, असं तरुण मंडळी विचारतात. मोबाइलवरही टाकणार आहोत. पण मोबाइल एकेकट्याने बघायचा असतो. घरात टीव्ही लागला की आजी, सून आणि नातू एकाच वेळी एकच गोष्ट बघतात, आणि आजीला तिच्या बोलीतलं गाणं ऐकून नातवाला काही सांगावंसं वाटतं. मला ते सांगणं हवं आहे.

सकाळी सात

गच्चीवर तीन मीटरची छत्री आहे. आमचं चित्र जबलपूरहून फायबरने नोएडाच्या टेलिपोर्टला जातं, तिथून उपग्रहावर चढतं, आणि उतरताना ही छत्री ते परत पकडते. प्रेक्षकाला काय दिसेल ते आम्हाला तिच्यातूनच कळतं. आमचा उपग्रह जीसॅट-३०, ८३ अंश पूर्व रेखांशावर. १७ जानेवारी २०२० रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने तो गेला आणि जुन्या इन्सॅट-४एच्या जागी बसला. जबलपूरहून पाहिलं तर तो जवळजवळ दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, क्षितिजापासून ६२-६३ अंश वर आहे. छत्री थोडी हलली की चित्राचे चौकोन पडायला लागतात, आणि आमच्या भागातल्या माकडांना ती छत्री फार आवडते. म्हणून रोज सकाळी सिग्नलची पातळी मोजायची, बोल्ट हाताने तपासायचे आणि भोवतीची लोखंडी जाळी बघायची.

उपग्रह म्हटलं की लोकांना सगळ्यात मोठा खर्च तिथेच आहे असं वाटतं. संपूर्ण ट्रान्सपाँडर घ्यायचा तर ते खरं आहे. पण लहान चॅनेलला तो लागत नाही. टेलिपोर्टवाले ३६ मेगाहर्ट्‌झच्या एका ट्रान्सपाँडरवर अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवतात आणि प्रत्येकाकडून त्याच्या वाट्याच्या एमबीपीएसचं भाडं घेतात. आमच्या वाट्याला ३ एमबीपीएस आहेत. हिशेब केला तर आमचा आख्खा दिवस, चोवीस तासांचं सगळं चित्र आणि आवाज, ३२.४ गिगाबाइटमध्ये मावतो. खिशातल्या पेन ड्राइव्हवर बसेल इतका तो छोटा आहे. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जाऊन पाव सेकंदात परत येतो.

गच्चीवर उभं असताना मला नेहमी १९७५ साल आठवतं. १ ऑगस्टला नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून 'साइट' हा गावांसाठीच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली २४०० गावं, त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातली रायपूरकडची गावंही होती. प्रत्येक गावात एक टीव्ही आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटरची छत्री. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. आपल्या देशात उपग्रहावरचं टीव्ही प्रक्षेपण गावासाठी, शेतीसाठी, शाळेसाठी सुरू झालं. मालिका आणि चर्चेचा गोंगाट नंतर आला. आमच्यासारख्या चॅनेलने कुठे हात धरायचा हे मला त्या एका वर्षाच्या प्रयोगातून उमगतं.

सकाळी नऊ

एफपीसीची बैठक. फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक अर्ध्या तासाला काय लागणार त्याचा तक्ता. भिंतीवर मोठा कागद आहे, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. दिवसातलं सगळ्यात अवघड काम इथे होतं, आणि चॅनेल काढायला काय लागतं असं कुणी विचारलं तर मी त्यांना या कागदासमोर उभं करते.

रोज सहा तासांचा ताजा पट्टा करून तो चार वेळा फिरवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. लहान चॅनेल बहुतेक असंच करतात. वर्षाचे २१९० तास होतात. त्यातले निम्मे विकत घेतलेले: जुने चित्रपट, माहितीपट, भक्तिसंगीत. उरलेले १०९५ तास आपण स्वतः करायचे. सुरू होताना किमान तीन महिन्यांचा साठा हवा, म्हणजे तयार, तपासलेले, सर्व्हरवर चढवलेले २७० तास. पैसा घालायचा तर तो इथे घालावा, हे माझं ठाम मत आहे. स्टुडिओला काचेची भिंत आणि निवेदकाच्या मागे चमकता पडदा नंतर घेता येतो. तिसऱ्या महिन्यात साठा संपला की मात्र तेच ते चित्रपट फिरू लागतात आणि प्रेक्षक आमच्यावरून पुढे सरकतो.

विकत घेतलेल्या मालाची कागदपत्रं मी स्वतः वाचते. चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र 'यू' किंवा 'यूए' आहे का, उपग्रह प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्याकडे खरोखर आहेत का, मुदत केव्हा संपते, किती वेळा दाखवता येईल. स्वस्तात शंभर चित्रपट देतो म्हणणाऱ्याकडे यातलं निम्मं नसतं.

मग अर्ध्या तासाचा प्रश्न. उपग्रह चॅनेलांसाठीच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आमच्यासारख्या चॅनेलने रोज ३० मिनिटं लोकहिताचे कार्यक्रम दाखवायचे असतात. शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला, दुर्बल घटक, पर्यावरण आणि वारसा, राष्ट्रीय एकात्मता असे आठ विषय ठरवून दिले आहेत. मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ त्यात धरत नाहीत आणि महिन्याला अहवाल द्यावा लागतो. बरीच मंडळी हे ओझं समजतात. आम्हाला जबलपुरात ते सोपं आहे, कारण विषय दाराशी आहेत. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४पासून इथे आहे, मंडला-दिंडोरीच्या कोदो-कुटकी या भरडधान्यांवर बोलणारी माणसं तिथे आहेत. आदिवासी आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथेच आहे. सिकलसेल हा आजार आमच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत आहे, आणि लग्नाआधी रक्ततपासणी का करायची हे गोंडीत समजावून सांगणारा अर्धा तास मी कुठल्याही मालिकेपेक्षा वरचा मानते.

बातम्या आम्ही देणार नाही. बरगी धरणाचे दरवाजे उघडले तरी त्याचं बातमीपत्र करता येणार नाही. का, ते दुपारच्या कागदांत येतं.

आजचा वाद आठ वाजताच्या जागेवर झाला. विक्री बघणारा तरुण म्हणतो, रात्री आठला हिंदी चित्रपटच हवा, जाहिरातदार तिथेच पैसे टाकतात. मला तिथे आपलं काही हवं आहे. राणी दुर्गावतीवर, शंकरशाह आणि रघुनाथशाह या बापलेकांवर आम्ही मालिका करतो आहोत. या दोघांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी दिलं. ते दुपारी तीनला दाखवायचं असेल तर चॅनेल कशाला काढायचं? चिठ्ठी रिकामीच ठेवून बैठक उठली.

सकाळी अकरा

स्टुडिओत दिंडोरीकडून आलेले परधान गायक बसले आहेत. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. त्यांच्या बाना या तंतुवाद्यावर गज फिरला की बडा देव जागा होतो, अशी श्रद्धा आहे. गोंड राजांच्या गाथा त्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दादांचं वय बरंच आहे, सोबत नातू आहे. आमच्या कॅमेरामनने कॉलरला माइक लावायला घेतला, तर दादा म्हणाले, "बाना को लगाओ बेटा, हम तो चिल्ला लेंगे."

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता चोवीसेक मिनिटं उरतात. गाथा तासभर झाली तरी राजा अजून घोड्यावर बसलेला नव्हता. संकलक काचेपलीकडून मला हाताने कात्रीची खूण करत होता. मी मान हलवली. पूर्ण गाऊ द्या, तिन्ही कॅमेरे चालू ठेवा, कापायचं काय ते नंतर. या गाथा ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत, अभ्यासकांनी लिहूनही घेतल्या आहेत. पण ज्यांच्या त्या आहेत त्यांच्या घरच्या टीव्हीवर त्या कधी आल्या नाहीत. भाग पाडून त्या बारीक कराव्यात असं मला वाटत नाही. सलग एक तास, आठवड्यातून दोनदा, खाली हिंदी ओळी. मध्ये फक्त दोन ब्रेक, तेही गायक श्वास घेतो तिथे.

रविवारी अर्धा तास मराठी असेल. सौंसर-पांढुर्ण्याच्या आणि बालाघाटच्या सीमेवरच्या लोकांची मराठी पुण्याच्या चॅनेलवर ऐकू येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून चालणाऱ्या गोटमारीची चित्रं देशभर दाखवतात, ती दगडफेकीची म्हणून. त्या गावाचे बाकीचे ३६४ दिवस कुणी दाखवत नाही. जबलपुरातल्या आमच्यासारख्या मराठी घरांचा इतिहास नागपूरकर भोसल्यांच्या काळापर्यंत मागे जातो. इथलं त्यांचं राज्य १८१७मध्ये गेलं, माणसं राहिली. आम्ही घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मैत्रिणींशी बुंदेलीतलं 'हओ' म्हणत वाढलो. चॅनेलची भाषा ठरवताना अर्जात एकाहून जास्त भाषा लिहिता येतात हे कळलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

दुपारी बारा

गच्चीवरच्या छत्रीतून येणारं चित्र आधी चौकोनांत फुटलं, मग गेलं. नव्या मुलांची धावपळ सुरू झाली, त्यांना मी बसवलं. हा सन आउटेज. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस भर दुपारी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. छत्रीला उपग्रह आणि सूर्य एकाच रेषेत दिसतात आणि सूर्याच्या रेडिओ लहरींत सिग्नल बुडतो. काही मिनिटांत सूर्य सरकला की चित्र आपोआप परत येतं. मार्चमध्ये हे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतं: नोएडाचा आउटेज दोन दिवस आधी होऊन गेला, मुंबईचा आणखी दोनेक दिवसांनी. ऑक्टोबरमध्ये क्रम उलटतो. प्रक्षेपण तर चालूच असतं, बिघडतो तो फक्त उतरता सिग्नल. चॅनेल सुरू झाल्यावर या दिवसांत केबलचालकांचे फोन येतील. त्यांना आदल्या दिवशी वेळ कळवायची, असं मी मुलांना वहीत लिहायला लावलं.

जेवण डब्यातलं, उभ्याउभ्या.

दुपारी अडीच

कंपनी सेक्रेटरी बाई आणि हिशेब बघणारे काका. आता तासभर कागद.

उपग्रह चॅनेल काढायला कंपनी किंवा एलएलपी लागते, एकट्या माणसाला परवानगी मिळत नाही. बातम्या नसलेल्या पहिल्या चॅनेलसाठी कंपनीचं नेट वर्थ किमान ५ कोटी रुपये हवं. बातम्यांच्या चॅनेलसाठी २० कोटी. आम्ही बातम्या का देणार नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. अर्ज मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. संचालकांची गृह मंत्रालयाकडून सुरक्षा तपासणी होते. चॅनेलच्या नावाचा आणि लोगोचा ट्रेडमार्क ३८ आणि ४१ या वर्गांत लागतो. मग १ कोटीची बँक गॅरंटी, बातम्यांच्या चॅनेलला २ कोटींची. परवानगी दहा वर्षांची. दर वर्षी अपलिंकिंगचे २ लाख आणि डाउनलिंकिंगचे ५ लाख भरायचे. परवानगी मिळाल्यापासून वर्षभरात चॅनेल सुरू झालं नाही, तर गॅरंटीवर पाणी सोडावं लागतं. आमच्या तारखेमागे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताइतकाच हा नियमही आहे.

पूर्वीच्या मानाने हे सोपं झालं आहे, हे मान्य करायला हवं. १९९२च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झालं, तेव्हा खासगी चॅनेलला भारतातून सिग्नल चढवायला परवानगी नव्हती. कार्यक्रमांच्या टेप विमानाने हाँगकाँगला जायच्या आणि तिथून एशियासॅटवर चढायच्या. देशातून अपलिंकिंगची सर्वांसाठीची धोरणं २०००मध्ये आली. आज राइट टाउनमध्ये बसून मी हे करू शकते.

पण ५ कोटींची अट मला पटत नाही. ती कुणाला बाहेर ठेवते ते बघा. दिंडोरीतली एखादी बचत गटांची संस्था, बालाघाटमधलं एखादं ग्रंथालय, शिक्षकांचा एखादा गट, यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे आणि पाच कोटी कधीच असणार नाहीत. सामुदायिक रेडिओचं दार २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना उघडलं. दूरचित्रवाणीत तसं सामुदायिक चॅनेलचं दार आजही नाही. सिग्नलची गरज ३ एमबीपीएसची असताना पैशाची अट कोटींची असावी, याचं कारण मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. चुकार, पळपुट्या कंपन्या येऊ नयेत म्हणून ही अट आहे म्हणतात. त्यासाठी बँक गॅरंटी पुरेशी आहे.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आज ठरलं. जून २०२१च्या नियमांनुसार प्रेक्षकाची तक्रार आली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. शिवाय प्रक्षेपित झालेलं सगळं ९० दिवस जपून ठेवायचं, मागितलं तर दाखवायचं. आमच्या बिटरेटला ते २.९ टेराबाइट होतात. काकांनी डिस्क दोन घ्यायला लावल्या. "एक बिघडली तर ऐनवेळी काय दाखवशील गं?" त्यांचं बरोबर आहे.

संध्याकाळी पाच

आधारतालला एका केबलचालकाच्या हेडएंडवर. रॅकवर रिसीव्हरांची रांग, छतावर छत्र्यांचं शेत. उपग्रहावर चढलेलं चॅनेल आपोआप घरात दिसतं, हा समज इथे येऊन मोडतो. हेडएंडवर आमचा सिग्नल कुणी तरी उतरवून घ्यायला हवा, त्याला चॅनेल क्रमांक द्यायला हवा आणि ग्राहकाच्या पॅकमध्ये घालायला हवा. डीटीएचवाले आणि मोठे केबलवाले यासाठी कॅरेज फी मागतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७च्या नियमावलीने साध्या दर्जाच्या चॅनेलसाठी तिची कमाल मर्यादा ग्राहकामागे महिन्याला २० पैसे ठेवली. ऐकायला किरकोळ वाटते. पाच लाख जोडण्यांच्या जाळ्याला महिन्याला एक लाख रुपये झाले, आणि अशी जाळी अनेक. पाच-सात जणांशी करार झाले की हा आकडा वर्षाच्या परवानगी शुल्काच्या किती तरी पुढे जातो. डीडी फ्री डिश हा खेड्यांत पोचायचा सगळ्यात मोठा रस्ता, पण तिथल्या जागांचा लिलाव होतो आणि हिंदी मनोरंजन वाहिन्यांची बोलीच कोटींत सुरू होते. तो रस्ता आमच्यासाठी आज बंद आहे.

म्हणून आम्ही खालून जातो आहोत. मंडला, नैनपूर, बालाघाट, वारासिवनी, पांढुर्णा इथल्या छोट्या केबलचालकांकडे स्वतः जायचं. आमचं चॅनेल मोफत आहे, त्यांच्याकडून काही मागत नाही. आधारतालच्या भय्यांनी स्क्रीनवर सकाळची गाथा लावून बघितली. मी फोनवर थोडी आणली होती. ते स्वतः दिंडोरीकडचे निघाले. "ये तो हमारे गाँव में ब्याह में बैठते थे," म्हणाले आणि तंत्रज्ञाला हाक मारून आमची फ्रिक्वेन्सी लिहून घ्यायला सांगितली. क्रमांक कुठला देणार? भक्तीच्या चॅनेलांजवळचा देऊ म्हणाले. मी प्रादेशिक चॅनेलांच्या गटात मागितला. त्यावर उद्या बोलू, असं ठरलं.

संध्याकाळी सात

जाहिरातीचं गणित. केबल टेलिव्हिजन नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यातली १० मिनिटं विकायच्या जाहिरातींना आणि २ आपल्या स्वतःच्या प्रोमोंना. म्हणजे विकायला दिवसाला २४० मिनिटं. जाहिरात दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते, तर दिवसाच्या जास्तीत जास्त १४४० जागा. समजा एका जागेला १०० रुपये मिळाले आणि चौथा हिस्साच विकला गेला, तर दिवसाला ३६,००० रुपये, महिन्याला अकरा लाखांच्या जवळ. पगार, टेलिपोर्टचं भाडं, फायबर, वीज आणि कॅरेज त्यातच. जेमतेम.

मोठ्या कंपन्या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे मागतात. बार्क मोजते ते मीटर लावलेल्या घरांत, देशभरात पन्नास हजारांच्या थोडी वर, आणि त्यासाठी चॅनेलच्या आवाजात ऐकू न येणारं वॉटरमार्क घालावं लागतं. महाकोशलच्या खेड्यांतला प्रेक्षक त्या नमुन्यात किती येईल याची मला शंका आहे. तेव्हा आमचे जाहिरातदार इथलेच: साड्यांची दुकानं, बियाण्यांचे विक्रेते, कोचिंग क्लास, मिठाईवाले. त्यांना आकडे नको असतात. त्यांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाने "टीव्ही पर देखा" म्हटलं की पुरतं.

रात्री नऊ

आजची परीक्षा. मेन स्विच मुद्दाम पाडायचा. प्रदेशाच्या बऱ्याच वीज कंपन्यांची मुख्यालयं याच शहरात शक्तिभवनला आहेत, तरी वैशाखातल्या वादळात लाइट जायची ती जातेच. ९.०२ला अंधार झाला. यूपीएसने सर्व्हर, एन्कोडर आणि फायबरची यंत्रं धरून ठेवली, जनरेटर सुरू झाला, पडद्यावरच्या चित्राला काहीही झालं नाही. स्टुडिओतला एसी मात्र परत आलाच नाही. ते उद्या इलेक्ट्रिशियनकडे.

मग फायबर. मुख्य लाइन कटनीवरून जाते, दुसरी दुसऱ्या कंपनीची, नागपूरवरून. एकाच खड्ड्यात दोन्ही तुटू नयेत म्हणून रस्ते वेगळे. मुख्य लाइन काढली, नोएडाच्या मुलाने फोनवर सांगितलं, दोन सेकंद काळं, मग दुसरी आली. मग दोन्ही काढल्या. आता टेलिपोर्टवर ठेवलेली आमच्याच कार्यक्रमांची राखीव प्रत चालायला हवी. सात सेकंद लागले. मला तीनच्या आत हवे आहेत. पुन्हा केलं, पाच. उद्या रात्री परत.

रात्री अकरा

उद्याची प्लेलिस्ट बंद करायची वेळ. रात्रपाळीचा मुलगा आला आहे. डाव्या स्पीकरवाला माहितीपट दुरुस्त करून परत चढवला, दोनदा लागणारा प्रोमो काढला. विक्रीवाल्या तरुणाचा फोन आला, आठच्या चिठ्ठीचं काय ठरलं म्हणून. त्याला सांगितलं: मंगळवार आणि शुक्रवारी रात्री आठला गाथा, पूर्ण एक तास, दोन ब्रेक. चित्रपट नऊला. तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, बियाण्यांचे दोन विक्रेते मंडल्याचे आहेत, त्यांना गाथेच्या ब्रेकमध्ये घेता येईल का विचारतो. विचार, म्हटलं, आणि प्लेलिस्ट सर्व्हरला पाठवून दिली.